ओमाहा: कॉलेज बेसबॉलचा शेवटचा आठवडा

बुधवार, २१ जून २०२३

दुपारी एकला पहिला सामना, म्हणून कॅन्सस सिटीहून पहाटेच निघालो. आय-२९ हा रस्ता मिझुरी नदीच्या काठाकाठानं उत्तरेला जातो. सेंट जोसेफ मागे पडून आयोवात शिरलं की डावीकडे नदीची सपाट मळई, उजवीकडे लोएसच्या मातकट टेकड्या, आणि मधे जिकडे तिकडे गुडघ्याएवढा मका.

बाबा मे महिन्यात रत्नागिरीहून आमच्याकडे आलेत. उमेदीच्या काळात ते तालुक्याच्या क्रिकेट सामन्यांना स्कोअरर म्हणून बसायचे. दिवसभर उन्हात टेबल टाकून, पट्टीनं रेषा आखून. इथे आल्यापासून रोज संध्याकाळी माझ्याबरोबर कॉलेजचा बेसबॉल बघतात. हंगामाच्या शेवटी नेब्रास्कातल्या ओमाहाला होणारी ‘कॉलेज वर्ल्ड सिरीज’ ही स्पर्धा या वर्षी टीव्हीवर न बघता प्रत्यक्ष बघायची, हे आम्ही दोघांनी तेव्हाच ठरवलं.

गाडीत मी त्यांना हंगामाची घडी समजावत होते. पहिल्या विभागात सुमारे तीनशे कॉलेजं. फेब्रुवारीच्या मध्याला खेळ सुरू होतो तेव्हा उत्तरेकडच्या मैदानांवर बर्फ असतो, म्हणून उत्तरेची मुलं पहिले काही आठवडे दक्षिणेत जाऊन खेळतात. नियमित हंगामात ५६ सामने, त्यातले महत्त्वाचे शुक्रवार-शनिवार-रविवारी एकाच प्रतिस्पर्ध्याशी. त्यामुळे प्रत्येक संघाचा सर्वांत चांगला पिचर हा ‘शुक्रवारचा’ पिचर. तो आठवड्यातून एकदाच चेंडू टाकतो, कारण एवढ्या जोरानं फेकलेल्या हाताला सावरायला तेवढे दिवस लागतात. मेअखेर ६४ संघ निवडले जातात, १६ गावांत त्यांची चाळणी होते, मग आठ जोड्यांची, आणि जूनच्या मध्याला आठ संघ ओमाहाला येतात.

“आणि तिथे हरलं की घरी?”

“नाही बाबा. एकदा हरलात तर एक संधी उरते. दुसऱ्यांदा हरलात की घरी.”

ते थोडा वेळ खिडकीबाहेर बघत राहिले आणि म्हणाले, “म्हणजे हरणाऱ्याला जास्त सामने खेळावे लागणार. मग त्याचे पिचर पुरायचे कसे?”

या स्पर्धेचं मर्म त्यांनी मैदान बघायच्या आधीच पकडलं होतं.

मुक्काम नदीच्या अलीकडे, आयोवातल्या कौन्सिल ब्लफ्समध्ये घेतला. तिथून बॉब केरी पादचारी पुलावरून चालत मिझुरी ओलांडली की ओमाहा आणि जवळच मैदान. पुलाच्या मध्यावर आयोवा आणि नेब्रास्काची सीमा दाखवणारी रेघ आहे. एक पाय या राज्यात, एक त्या राज्यात ठेवून फोटो काढायची रीत आहे. बाबांनी फोटो काढून घेतला आणि वर पुलाचे तारांचे दोर नीट निरखून घेतले.

चार्ल्स श्वाब फील्डमध्ये सुमारे २४,००० माणसं बसतात. दारात एकमेकांना खांद्यावर उचलून आनंदानं ओरडणाऱ्या खेळाडूंचा ब्राँझचा पुतळा आहे, ‘रोड टू ओमाहा’. मार्चपासून प्रत्येक कॉलेजची मुलं हेच शब्द बोलत असतात. पुतळ्यापाशी चारही संघांचे रंग एकत्र दिसले: फ्लोरिडाचा नारिंगी-निळा, टीसीयूचा (टेक्सास ख्रिश्चन विद्यापीठ) जांभळा, एलएसयूचा (लुइझियाना स्टेट विद्यापीठ) जांभळा-सोनेरी, वेक फॉरेस्टचा काळा-सोनेरी.

आमची तिकिटं आउटफील्डच्या बाकांवरची. जागा राखीव नसते, जो आधी रांगेत उभा राहील त्याची. बाबांनी दारातच स्कोअरकार्ड आणि पेन्सिल घेतली. बेसबॉलमध्ये प्रत्येक जागेला आकडा असतो: पिचर १, कॅचर २, पहिला बेस ३, असं करत उजव्या कोपऱ्यातल्या फील्डरपर्यंत ९. बॅटर तीन स्ट्राइकनी, म्हणजे फटका चुकलेल्या किंवा सोडून दिलेल्या नीट चेंडूंनी, बाद झाला (स्ट्राइकआउट) की इंग्रजी के हे अक्षर, आणि बॅट न फिरवताच बाद झाला तर तेच अक्षर उलटं. दुसऱ्या इनिंगपर्यंत ते मला विचारायचे थांबले.

पहिल्या सामन्यात फ्लोरिडानं टीसीयूला ३-२ हरवलं. कॉलेजची मुलं धातूच्या बॅटनं खेळतात, लाकडी बॅट व्यावसायिकांची. त्यामुळे प्रत्येक फटक्याला ‘टिंग’ असा स्वच्छ आवाज येतो आणि आउटफील्डमध्ये तो चेंडूच्या थोडा मागून पोचतो. शेवटच्या क्षणी टीसीयूच्या ब्रेडन टेलरचा फटका थेट मधल्या भिंतीकडे आला. मधली भिंत ४०८ फुटांवर. फ्लोरिडाचा मायकल रॉबर्टसन पाठमोरा धावत गेला, भिंतीला भिडला आणि उडी मारून त्यानं चेंडू हातमोज्यात घेतला. सामना तिथेच संपला. आमच्या बाकांवरची सगळी माणसं, कुणाच्याही बाजूची असोत, उभी राहिली होती. फ्लोरिडा एकही सामना न हरता अंतिम फेरीत गेलं.

संध्याकाळी एलएसयूनं वेक फॉरेस्टला ५-२ हरवलं. सोमवारी याच वेक फॉरेस्टनं त्यांना ३-२ हरवलं होतं. आता दोघांच्याही नावावर एकेक पराभव, उद्या जो हरेल तो घरी.

गुरुवार, २२ जून

आजच्या दिवसासाठी मी आले होते, हे मी बाबांना सकाळीच सांगून टाकलं. एलएसयूकडून पॉल स्केन्स, वेक फॉरेस्टकडून रेट लाउडर. देशातले दोन सर्वोत्तम कॉलेज पिचर, आणि जिंकणारा थेट अंतिम फेरीत.

स्केन्सची गोष्ट वेगळी आहे. तो आधी कोलोरॅडोतल्या वायुदलाच्या अकादमीत कॅडेट होता. तिथे तो पिचिंगही करायचा आणि कॅचर म्हणूनही खेळायचा. तिसऱ्या वर्षात पाऊल टाकलं की लष्करी सेवेचं बंधन येतं, म्हणून त्याआधीच त्याला निर्णय घ्यावा लागला. तो लुइझियानाला एलएसयूत आला. त्याचे चेंडू ताशी शंभर मैलांच्या, म्हणजे १६० किलोमीटरच्या पुढे जातात, आणि सामन्याच्या शेवटच्या इनिंगमध्येही ते मंदावत नाहीत. लाउडर त्याच्या उलट. तो वेगापेक्षा जागेवर भर देतो, बदलत्या वेगाच्या चेंडूवर बॅटरला अडकवतो. या हंगामात तो १५ सामने जिंकून एकही हरलेला नव्हता. वेक फॉरेस्ट हे स्पर्धेतलं पहिलं मानांकन. १९५५ साली त्यांनी विजेतेपद मिळवलं होतं, आणि त्यानंतर ओमाहाला यायला त्यांना २०२३ उजाडलं.

सहाला खेळ सुरू झाला. शून्य, शून्य, शून्य. बाबांच्या कार्डावर सरळ आणि उलटी के ही अक्षरं भरत गेली. स्केन्सनं याच संध्याकाळी आपल्या कॉन्फरन्सचा, म्हणजे कॉलेजांच्या गटाचा, एका हंगामातल्या स्ट्राइकआउटचा विक्रम मोडला. तो एलएसयूच्याच बेन मॅकडॉनल्डनं १९८९ मध्ये केला होता, २०२ चा. स्केन्स २०९ वर थांबला. विक्रमाची घोषणा झाली तेव्हा जांभळे-सोनेरी कपडे घातलेले लोक ओरडले, पण लगेच गप्प झाले, कारण फलकावर अजून ०-० होतं.

आठव्या इनिंगमध्ये वेक फॉरेस्टचा जस्टिन जॉन्सन तिसऱ्या बेसवर पोचला. आता एक साधा लांब झेल गेला असता तरी धाव झाली असती. वेकनं स्क्वीझ खेळायचं ठरवलं: बॅटर चेंडू फक्त हळूच खाली ठेवतो आणि तिसऱ्या बेसवरचा खेळाडू घराकडे, म्हणजे होम प्लेटकडे, धावतो. मारेक ह्यूस्टननं चेंडू खाली ठेवलाही. पण पहिल्या बेसवरचा एलएसयूचा फील्डर ट्रे मॉर्गन जणू त्याच्याही आधी निघाला होता. पुढे धावत येऊन त्यानं चेंडू उचलला आणि तसाच कॅचर मिलाझोकडे टाकला. जॉन्सन घसरत आला, मिलाझोनं त्याला चेंडू टेकवला. बाद.

बाबांनी लिहिलं: ३-२, पहिल्या बेसकडून कॅचरकडे. मग पेन्सिल खाली ठेवून दोन्ही हातांनी टाळ्या वाजवल्या. क्रिकेटचा स्कोअरर टाळी वाजवत नाही, हा त्यांचा नियम मी लहानपणापासून ऐकत आले आहे.

स्केन्सनं आठ इनिंगमध्ये दोनच हिट (बॅटर सुखरूप बेसवर पोचेल असे फटके) दिले, १२० चेंडू टाकले. लाउडर सात इनिंग खेळला, तीन हिट देऊन, ८८ चेंडूंवर त्याला बाहेर घेतलं. मागच्या रांगेतल्या वेकच्या माणसांत कुरबुर सुरू झाली: एवढ्यात का काढलं, अजून हात शाबूत होता की! माझं मत प्रशिक्षकाच्या बाजूनं आहे. टॉम वॉल्टर हा माणूस मुलांच्या शरीराकडे फक्त या संध्याकाळपुरतं बघत नाही. २०११ साली केव्हिन जॉर्डन नावाच्या पहिल्या वर्षाच्या खेळाडूची मूत्रपिंडं निकामी झाली तेव्हा वॉल्टरनं स्वतःचं एक मूत्रपिंड त्याला दिलं. तेव्हा जॉर्डन वेक फॉरेस्टकडून एकही सामना खेळलेला नव्हता. मी हे सांगितल्यावर बाबांनी दुर्बीण मागून घेतली आणि वेकच्या डगआउटमध्ये, संघ बसतो त्या जागेत, त्याला शोधत राहिले.

सामना नऊ इनिंगचा, पण बरोबरी असली की पुढे चालूच. नववी, दहावी, तीही शून्य. स्केन्सच्या जागी आलेला थॅचर हर्ड तीन इनिंग पुरला. अकराव्या इनिंगमध्ये एलएसयूच्या डिलन क्रूजनं सुरुवातीलाच हिट मारला. वेकनं पिचर बदलून कॅम मिनाची आणला. समोर टॉमी व्हाइट, ज्याला सगळे ‘टॉमी टँक्स’ म्हणतात. मिनाचीचा पहिलाच चेंडू, आणि तो टिंग आवाज आमच्यापर्यंत पोचायच्या आत एलएसयूचे लोक उड्या मारू लागले होते. चेंडू डाव्या बाजूच्या भिंतीपलीकडे. २-०, सामना संपला.

एलएसयूची पोरं व्हाइटला गाठायला धावत होती. दुसऱ्या बाजूला वेकचे खेळाडू कुंपणाला टेकून उभे होते. काही जण तिथेच खाली बसले. या संघानं हंगामात पन्नासाहून जास्त सामने जिंकले होते. यातले बरेचजण पुन्हा एकत्र खेळणार नव्हते: वरच्या वर्षाचे पदवी घेऊन जातात, चांगले असतात त्यांना जुलैमध्ये व्यावसायिक क्लब उचलतात, काही दुसऱ्या कॉलेजात बदली घेतात. कॉलेजचा संघ असा एकाच हंगामाचा असतो. म्हणून इथला पराभव इतका खोल लागतो, आणि म्हणूनच मला हा खेळ व्यावसायिक बेसबॉलपेक्षा जास्त जवळचा वाटतो.

पुलावरून परत येताना बाबा म्हणाले, “शून्य-शून्य असा सामना एवढा बघण्यासारखा असतो हे मला कुणी सांगून पटलं नसतं.”

शुक्रवार, २३ जून

आज सामना नाही. सकाळी शहराच्या दक्षिणेला हेन्री डोर्ली प्राणिसंग्रहालयाकडे गेलो, पण प्राण्यांसाठी नाही. त्याच्या शेजारी रोझेनब्लॅट स्टेडियम होतं. १९४८ साली ते उभं राहिलं, १९५० पासून २०१० पर्यंत ही स्पर्धा तिथेच झाली. ज्या महापौरानं ती गावात टिकवली त्या जॉनी रोझेनब्लॅटचं नाव १९६४ मध्ये मैदानाला दिलं गेलं. आता मैदान पाडलंय, तिथे प्राणिसंग्रहालयाच्या गाड्या उभ्या राहतात. पण एक छोटं इनफील्ड स्मारक म्हणून राखलंय, होम प्लेट जिथे होती तिथेच. मुलं तिथे हातांनी हवेत बॅट फिरवून बेसवरून धावत होती.

स्पर्धेचं पहिलं वर्ष १९४७, गाव मिशिगनमधलं कॅलमझू. त्या पहिल्या आणि दुसऱ्या, दोन्ही वर्षी येल विद्यापीठाकडून पहिल्या बेसवर खेळला तो जॉर्ज बुश, थोरला, पुढे राष्ट्राध्यक्ष झालेला. दोन्ही वर्षी येल अंतिम फेरीत हरलं.

मला मात्र इथे उभं राहून १९९६ आठवत होतं. एलएसयू विरुद्ध मायामी, शेवटची इनिंग, दोन बाद, एलएसयू एका धावेनं मागे. वॉरन मॉरिस बॅटिंगला आला. मनगटाजवळच्या हाडाच्या दुखापतीमुळे तो अर्धा हंगाम खेळलाच नव्हता आणि त्या वर्षी त्याचा एकही होम रन, म्हणजे कुंपणापलीकडे गेलेला फटका, नव्हता. पहिल्याच चेंडूवर त्यानं तो मारला, ९-८. लुइझियानातली माणसं आजही सांगतात की तेव्हा ती कुठे होती.

दुपारी ओल्ड मार्केटच्या विटांच्या रस्त्यांवरून फिरलो. रुबेन सँडविचचा जन्म आपल्या ब्लॅकस्टोन हॉटेलातला, असा ओमाहाचा दावा आहे. आम्ही ते खाल्लं. बाबांना त्यातला आंबवलेला कोबी आवडला.

शनिवार, २४ जून

अंतिम फेरी तीन सामन्यांची, दोन जिंकेल तो विजेता. एलएसयू आणि फ्लोरिडा २०१७ मध्येही इथे भिडले होते, तेव्हा फ्लोरिडा जिंकलं होतं.

चारच्या सुमाराला गाड्यांच्या तळावर पोचलो. एलएसयूची माणसं बॅटन रूजहून हजारेक मैल गाडी चालवून येतात आणि येताना आख्खं स्वयंपाकघर घेऊन येतात. मोठमोठ्या काळ्या कढयांत जांबालाया शिजत होता. अनोळखी माणसाला ताट दिल्याशिवाय ते पुढे जाऊ देत नाहीत. एका आजींनी बाबांच्या हातात वाडगा दिला. कोळंबी आणि सॉसेज घातलेला तिखट भात. बाबांनी दोन घास खाल्ले आणि म्हणाले, “अगं, हा आपला कोळंबी भातच, नुसतं खोबरं नाही.” मी भाषांतर केलं, आजी खूश झाल्या आणि दुसरा वाडगा आला.

समोरच्या रोक्कोज नावाच्या दुकानात जेलो शॉटची (दारू घातलेल्या जेलीच्या छोट्या पेल्यांची) स्पर्धा चालते: कुठल्या कॉलेजच्या लोकांनी किती घेतले याचा फलक. पैशातला काही हिस्सा अन्नपेढ्यांना जातो. या वर्षी एलएसयूचा आकडा ६८,८८८ वर गेला. आधीच्या वर्षीच्या विक्रमाच्या तिपटीहून जास्त.

स्केन्सनं परवा १२० चेंडू टाकलेले, म्हणून आज टाय फ्लॉइड. एरवी स्केन्सच्या सावलीत राहणारा. त्यानं आठ इनिंगमध्ये १७ स्ट्राइकआउट घेतले. बाबांच्या कार्डावर अक्षरांनी जागा उरू दिली नाही. फ्लोरिडानं तरीही तीन धावा काढल्या. टॉमी व्हाइटनं आठव्या इनिंगमध्ये होम रन मारून ३-३ केलं. पुन्हा अकरावी इनिंग, आणि या वेळी एलएसयूच्या केड बेलोसोनं उजव्या बाजूला मारलेला चेंडू आमच्याच बाकांच्या दिशेनं आला. ४-३. रायली कूपरनं शेवटच्या इनिंग सांभाळल्या.

रविवार, २५ जून

दुपारचा सामना. फ्लोरिडा २४, एलएसयू ४. या स्पर्धेत कुणीही एका सामन्यात एवढ्या धावा काढलेल्या नव्हत्या. आधीचा विक्रम नोत्र दामचा, १९५७ मधला, २३ चा. टाय एव्हन्सचा ग्रँड स्लॅम (तिन्ही बेस भरलेले असतानाचा होम रन), जॅक कॅग्लियानोनीचे दोन होम रन. फ्लोरिडाचे एकूण सहा.

याबद्दल जास्त लिहिण्यासारखं नाही, एक गोष्ट सोडून. सामना हातातून गेल्यावर एलएसयूच्या जे जॉन्सननं आपले चांगले पिचर बाहेर काढलेच नाहीत. जे एरवी फारसे खेळत नाहीत त्यांना एकामागून एक पाठवलं. त्या मुलांना मार पडत राहिला आणि ती टाकत राहिली, कारण उद्यासाठी दुसऱ्यांचे हात ताजे राहायला हवे होते. मंगळवारी टेनेसीविरुद्ध नेट अ‍ॅकेनहाउसेननं असंच संघाला वाचवलं होतं. एलएसयूत आल्यापासून पहिल्यांदाच सामना सुरू करायला आलेला हा मुलगा सहा इनिंग एकही धाव न देता खेळून गेला. विजेतेपदाच्या छायाचित्रात मागच्या रांगेत उभी असलेली ही मुलं मला पुढच्या रांगेइतकीच मोलाची वाटतात.

आजच डिलन क्रूजला देशातल्या सर्वोत्तम हौशी खेळाडूचा गोल्डन स्पाइक्स पुरस्कार जाहीर झाला.

सोमवार, २६ जून

दिवसभर रांगेत एकच विषय: स्केन्स उतरणार का? तीन दिवसांची विश्रांती झालीय, विजेतेपद समोर आहे. बाबांना कुणीतरी विचारलंच. त्यांनी मराठीतच उत्तर दिलं, “पोराला आयुष्यभर हात लागणार आहे.” मी ते इंग्रजीत सांगितलं आणि रांगेतल्या एका म्हाताऱ्या गृहस्थानं त्यांच्याशी हस्तांदोलन केलं.

सुरुवात केली ती थॅचर हर्डनं, गुरुवारी शेवटच्या तीन इनिंग टाकणाऱ्यानं. पहिल्याच इनिंगमध्ये वायट लँगफर्डनं त्याला दोन धावांचा होम रन मारला. फ्लोरिडाचे लोक दोन्ही हातांनी आपल्या बोधचिन्हातल्या सुसरीचा जबडा करून मिटू-उघडू लागले. पण हर्ड ढळला नाही. सहा इनिंगमध्ये त्यानं त्या दोन धावांपलीकडे काही दिलं नाही. फ्लोरिडाकडून पिचिंगला कॅग्लियानोनी होता. हा मुलगा बॅटिंगही करतो आणि पिचिंगही, या हंगामात त्याचे ३३ होम रन. दुसऱ्या इनिंगमध्ये त्याची दिशा हरवली, बेस भरले आणि एलएसयूनं सहा धावा काढल्या. मग थांबलेच नाहीत. २४ हिट, १८-४.

एलएसयूचं हे सातवं विजेतेपद. आधीची १९९१, १९९३, १९९६, १९९७, २००० आणि २००९ ची. शेवटचा बाद झाल्यावर सगळे पिचरच्या उंचवट्यावर एकमेकांवर पडले. स्पर्धेतला सर्वोत्तम खेळाडू म्हणून नाव पुकारलं गेलं पॉल स्केन्सचं. अंतिम फेरीच्या तिन्ही सामन्यांत त्यानं एकही चेंडू टाकला नव्हता. टाकावा लागला नाही, यातच या संघाची खरी ताकद होती. बाबा शेवटपर्यंत थांबून कार्डावर बेरीज जुळवत होते, आमच्या ओळीतले बाकीचे बाक रिकामे झाले तरी.

मंगळवार, २७ जून आणि नंतर

सकाळी निघालो, वाटेत थांबलो नाही.

९ जुलैला सिएटलमध्ये व्यावसायिक क्लबांची निवड झाली. आम्ही दोघं टीव्हीसमोर बसलो होतो. पहिला स्केन्स, पिट्सबर्गकडे. दुसरा क्रूज, वॉशिंग्टनकडे. एकाच कॉलेजचे दोन खेळाडू पहिल्या दोन क्रमांकांवर जाण्याची ही पहिलीच वेळ. लँगफर्ड चौथा, टेक्सासकडे. बाबा पाणी प्यायला आत गेले आणि तिथूनच विचारलं, “तो वेकचा लाउडर कुठे गेला गं?”

“सातवा, बाबा. सिनसिनाटीनं घेतला.”

“बरं झालं. त्याचा सामना जायला नको होता.”

मलाही तसंच वाटतं. कुणी मला त्या आठवड्यातला एकच सामना पुन्हा बघायला दिला तर मी गुरुवारचा मागेन, आणि त्यातही आठवी इनिंग.